ग्रुप गप्प का होतो? आधी उत्तरं देणारे थांबतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आकाशदर्शनाच्या तुमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये जवळपास चार हजार सभासद आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वी रोज तीस-चाळीस पोस्ट यायच्या. आता आठवड्याला दोन-तीन येतात, आणि त्याही बहुतेक कुठून तरी पुढे ढकललेल्या बातम्या. तुम्ही स्पर्धा घेतल्या, दर सोमवारी एक विषय देऊन पाहिला, कशानेच फरक पडला नाही. आता गप्प बसणाऱ्यांना काढून टाकावं का, असं तुम्ही विचारता. शेवटी लिहिलं आहे, "लोकांचा आकाशातला रसच संपला का?"

छंदाच्या अशा ग्रुपांचं काम मी बरीच वर्षं पाहते आहे, त्यात आकाशदर्शनाचेही आले. माझ्या मते रस संपलेला नाही, आणि चार हजार लोक का बोलत नाहीत हा तुमचा खरा प्रश्नही नाही. ते चार हजार कधीच बोलत नव्हते. ऑनलाइन समूहांबद्दल वेबवापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी 2006 मध्ये 90-9-1 अशी मांडणी केली होती: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक लेखन उरलेल्या एकाच्या हातून होतं. प्रत्येक ग्रुपात आकडे असेच निघतील असं नाही, पण मी पाहिलेल्या सगळ्या ग्रुपांचा बाज हाच होता. तुमच्या रोजच्या तीस-चाळीस पोस्ट तीस-चाळीस माणसांच्या जोरावर चालल्या असणार. म्हणून विचारायचं ते हे, की ती माणसं कोण होती आणि ती का थांबली?

त्याआधी एक खातरजमा करा. जिच्याशी तुम्ही आजची तुलना करताय ती वर्षं नेहमीसारखी होती का? पाच-सहा वर्षांपूर्वी म्हणजे 2020 च्या आसपास. तेव्हा लोक घरात अडकलेले होते. जुलैमध्ये निओवाइज धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसला. 21 डिसेंबरला गुरू-शनीची अशी युती झाली, की दोन्ही ग्रह कमी ताकदीच्या दुर्बिणीतून एकाच चौकटीत मावत होते. इतके जवळ ते 1623 नंतर आले नव्हते. त्या वर्षी आकाशाचे जवळजवळ सगळेच ग्रुप फुगले. ती फूग ओसरली तर तिला घसरण म्हणता येत नाही. 2018-19 मधल्या एखाद्या साध्या महिन्याच्या पोस्ट मोजून पाहा. तेव्हाही दिवसाला पाच-सातच येत असतील, तर तुमचं दुखणं वाटतं त्यापेक्षा बरंच लहान आहे. आपला छंद ऋतूंवर आणि घटनांवर चालतो हेही धरायला हवं. ढगाळ महिन्यांत शांतता असणारच.

तरीही आठवड्याला दोन-तीन म्हणजे खरोखरच कमी. तेव्हा त्या तीस-चाळीस जणांकडे येऊ.

छंदात माणूस टप्प्याटप्प्याने पुढे जातो. पहिल्या वर्षी तो विचारतो: कुठली दुर्बीण घेऊ, डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) बरी की छोटी भिंगाची, देवयानी दीर्घिका फोटोत दिसते तशी का दिसत नाही, गुरू धूसर का दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो स्वतःचं दाखवू लागतो, कालचा शनी, पहिलं स्केच, स्वतः जुळवलेला आरसा. त्यानंतर तो उत्तरं देऊ लागतो, आणि ग्रुप त्याच्या या टप्प्यावर उभा असतो. पण याच टप्प्यावर त्याला स्वतःला मिळणारं आटत जातं. त्याचे आताचे प्रश्न अवघड असतात. माउंटच्या, म्हणजे दुर्बिणीच्या फिरत्या बैठकीच्या, गिअरमधला खेळ कसा काढायचा, चलताऱ्यांच्या (तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या) प्रतीचा, म्हणजे तेजस्वितेचा, अंदाज घेताना लाल ताऱ्यांच्या बाबतीत डोळा कसा फसतो, असे. तो हे विचारतो तेव्हा चार हजारांतून एकही उत्तर येत नाही. त्याच दिवशी "पहिली दुर्बीण कुठली घेऊ" मात्र पुन्हा आलेलं असतं.

लोक म्हणतात तेच तेच प्रश्न आले की जुने सभासद कंटाळतात. हे अर्धंच खरं आहे. पहिल्या दुर्बिणीचा प्रश्न दरवेळी आनंदाने सोडवणारी माणसं मी पाहिली आहेत. पुनरावृत्ती त्यांना सहन होते, देवघेव एकतर्फी झालेली होत नाही. तुम्ही शंभर जणांना शिकवता आणि तुम्हाला काही शिकायचं असतं तेव्हा समोर कुणीच नसतं. शिवाय ज्याला सविस्तर उत्तर दिलं तो पुढे दुर्बीण घेतो की नाही, तिच्यातून काय पाहतो, हे कधी कळत नाही. एक अंगठा येतो आणि माणूस गायब. अशा वेळी जाणकार भांडत नाही, निरोपही घेत नाही. आधी उत्तरं छोटी होतात, मग फक्त चुकीच्या माहितीला दुरुस्ती येते, मग तीही थांबते. सभासदांच्या यादीत नाव तसंच राहतं, म्हणून व्यवस्थापकाला काही घडल्याचं लक्षात येत नाही.

ही गोष्ट नवी नाही. युजनेट हे जुनं चर्चाजाळं 1980 पासून चालू होतं. दरवर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, तेच प्रश्न विचारायचे, रीतभात मोडायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांत जुन्यांच्या सहवासात रुळायचे. 1993 च्या सुमारास घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांमार्फत नव्यांची अशी लाट आली की ती ओसरलीच नाही. जुन्या लोकांनी त्याला कधीही न संपणारा सप्टेंबर म्हटलं. नवे लोक वाईट होते असं माझं म्हणणं नाही. एका जाणकाराच्या वाट्याला किती नवखे येतात याचं प्रमाण बिघडलं आणि सोबत राहून शिकण्याला वेळच उरला नाही. तुमच्या ग्रुपात 2020 मध्ये हेच झालं असण्याची शक्यता मला बरीच वाटते. म्हणजे ज्या वर्षाला तुम्ही भरभराट समजता त्याच वर्षी जाणकार दमले असतील.

दमलेले जाणकार बहुतेकदा छंद सोडत नाहीत. ते दहा-पंधरा जणांचा वेगळा छोटा ग्रुप काढतात. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, अर्धवट कल्पनाही बोलून दाखवता येतात, कुणी हसत नाही. त्यांच्या दृष्टीने हे योग्यच आहे आणि त्यांना त्याबद्दल बोल लावू नका. पण चर्चेतला रसाळ भाग तिकडे गेला की मोठ्या ग्रुपात फक्त सूचना आणि अभिनंदनं उरतात. तुमच्या सभासदांचा असा एखादा ग्रुप असणार, याबद्दल मला फारशी शंका नाही.

आता नव्यांकडे. नवा माणूस आल्यावर पहिल्यांदा लिहितो, तेव्हा त्याला कुणी उत्तर दिलं का? एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्राउट यांनी युजनेटवरच्या चर्चागटांचा अभ्यास करून 2006 मध्ये निष्कर्ष मांडला, की पहिल्या पोस्टला उत्तर मिळालेला माणूस पुन्हा लिहिण्याची शक्यता वाढते. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: उत्तराचा सूर कसा होता, त्याने प्रश्न सुटला की नाही, याचा या शक्यतेवर परिणाम दिसला नाही. कुणी तरी बोललं, एवढंच मोजलं गेलं. आणि मोठ्या ग्रुपात नेमकं हेच राहून जातं, कारण प्रत्येकाला वाटतं की इतके लोक आहेत, कुणी तरी सांगेलच. बिब लाटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं, की आजूबाजूला माणसं जास्त असली की मदतीची जबाबदारी प्रत्येकाला आपली कमी वाटते. चार हजार सभासदांत अनुत्तरित राहणं चाळिसांत राहण्यापेक्षा सोपं असतं, आणि जास्त बोचरंही.

याच्या उलट टोक म्हणजे शिस्तीचा अतिरेक. "आधी जुन्या पोस्ट शोधा", "हा विषय इथे नको", "फोटोसोबत उपकरणाची माहिती नाही म्हणून पोस्ट काढली." प्रत्येक नियमामागे कधी तरी खरा त्रास झालेला असतो, हे मान्य. पण विकिपीडियाचं उदाहरण पाहा. इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या 2007 मध्ये शिखरावर होती, नंतर उतरत गेली. ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्याची कारणं तपासली. दर्जा सांभाळण्यासाठी उभारलेले नियम आणि स्वयंचलित साधनं चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांनाही परतवत होती, असं त्यांना आढळलं. तुमच्या ग्रुपाच्या वर चिकटवलेली नियमावली एकदा नव्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. दोन पानं असेल तर अर्ध्या परिच्छेदावर आणा.

आकाशाच्या ग्रुपांचं आणखी एक खास दुखणं आहे, त्यावर जरा थांबते, कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आजकाल अनेक रात्रींचे मिळून कित्येक तासांचे एक्स्पोजर एकावर एक रचून, संगणकावर प्रक्रिया करून केलेले फोटो ग्रुपात येतात. ते अप्रतिम असतात, त्यांच्यामागची मेहनत खरी असते, त्यांना दाद मिळायलाच हवी. पण पानभर तेच दिसू लागलं, की मोबाइल आयपीसला (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाला) लावून चंद्राचा डळमळीत फोटो काढणारा माणूस तो टाकत नाही. मृगातला तेजोमेघ डोळ्याला राखाडी डागासारखा दिसला, हे लिहायला त्याला संकोच वाटतो. वस्तुतः छोट्या दुर्बिणीतून डोळ्याला तो साधारण तसाच दिसतो, आणि हे कुणी तरी लिहिणं नव्या माणसाला फार गरजेचं असतं. सगळं तयार, सुंदर आणि पूर्ण असेल तर त्यावर "वा!" यापलीकडे बोलता येत नाही. चर्चा अपूर्ण गोष्टींवर होते. फसलेलं निरीक्षण, न जुळणारा आरसा, "मला अमुक दिसलं, ते नक्की काय होतं?" हे येणं बंद झालं की पोस्ट येत राहतात आणि संवाद थांबतो. पुढे पोस्टही थांबतात. विणकाम, बागकाम, रेडिओ दुरुस्ती, कुठल्याही छंदाच्या ग्रुपात मी हेच घडताना पाहिलं आहे.

माध्यमाचा भागही आहे, पण लोक त्याला देतात तेवढं महत्त्व मी देत नाही. तुमचा ग्रुप कुठे चालतो हे तुम्ही लिहिलेलं नाही. फेसबुकसारख्या ठिकाणी असेल तर कुणाला कुठली पोस्ट दिसावी हे तिथली क्रमवारी ठरवते. सगळ्या सभासदांना सगळं दिसतच नाही, म्हणून "कुणी उत्तर दिलं नाही" याचा अर्थ पुष्कळदा "कुणी पाहिलंच नाही" असा असतो. व्हॉट्सॲपसारख्या ठिकाणी मेसेज दिसतो पण वाहून जातो. सकाळचा गंभीर प्रश्न दुपारी शुभेच्छांच्या खाली गाडला जातो, आणि दोन दिवसांनी त्याला उत्तर देणं विचित्र वाटतं. शिवाय एका रात्री शंभर मेसेज आले की लोक ग्रुप म्यूट करतात, आणि म्यूट केलेला ग्रुप पुन्हा कुणी सुरू करत नाही. जागा बदलण्याचाही फटका बसतो. याहू ग्रुप्सने 2019 च्या अखेरीस साठवलेला मजकूर काढायला सुरुवात केली आणि डिसेंबर 2020 मध्ये ती सेवा बंदच झाली. असंख्य छंदांच्या वर्षानुवर्षांच्या चर्चा त्यात होत्या. दुसरीकडे गेलेल्यांपैकी उत्साही तेवढे टिकले, काठावरचे वाटेत गळले. म्हणून "आपण दुसऱ्या ॲपवर जाऊ या" हा उपाय मी सहसा सुचवत नाही.

2022 च्या अखेरीपासून एक नवी गोष्ट वाढली. साधे प्रश्न लोक आता चॅटबॉटला विचारतात. प्रोग्रामर मंडळींच्या स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे नवे प्रश्न त्यानंतर बरेच घटले. जाणकारांचा त्रास वाचला असं वरवर वाटेल. पण "पहिली दुर्बीण कुठली" हा प्रश्न फक्त माहितीसाठी नव्हता. तो ग्रुपात पहिलं पाऊल टाकायचं निमित्त होता. त्या निमित्ताने नाव कळायचं, ओळख व्हायची, दोन महिन्यांनी "मग घेतलीत का?" असं कुणी विचारायचं. ते निमित्त गेलं असेल तर तुम्हाला दुसरं तयार करावं लागेल.

भांडणांबद्दल थोडक्यात. एखाद्या मोठ्या भांडणाने ग्रुप क्वचितच मरतो. एकच उद्धट माणूस वर्षानुवर्षं सांभाळून घेतला, कारण त्याला फार येतं, तर मात्र मरतो. असा कुणी असेल तर त्याच्याशी खाजगीत स्पष्ट बोला आणि फरक पडला नाही तर त्याला थांबवा. त्याच्या ज्ञानापेक्षा त्याच्यामुळे न लिहिणाऱ्यांचं ज्ञान जास्त असतं.

म्हणजे आतापर्यंतचं एवढंच: बोलणारे मुळात थोडे होते, त्यांना परत काही मिळेनासं झालं, त्यांची जागा घ्यायला येणाऱ्यांना पहिल्या पायरीवर उत्तर मिळालं नाही, आणि माध्यमाने हे दोन्ही लपवलं. तुमच्या ग्रुपात यातलं कुठलं किती, हे मी इथून सांगू शकत नाही. ते तुम्हालाच जुन्या पोस्टमधून काढावं लागेल.

मी असा ग्रुप हाती घेते तेव्हा सर्वांत आधी चांगल्या काळातले सहा महिने उघडते आणि पोस्ट टाकणाऱ्यांची नव्हे, उत्तरं देणाऱ्यांची नावं लिहून काढते. पंचवीस-तीस नावं निघतात. त्यांना एकेकट्याने खाजगी मेसेज करा. "तुम्ही हल्ली लिहीत का नाही" असं विचारू नका, त्यात तक्रार ऐकू येते. "तुमचं सध्या काय चाललंय, काय पाहता, कुठे अडलंय" हे विचारा, आणि त्यांच्या एखाद्या जुन्या उत्तराचा उल्लेख करा. ज्याचं उत्तर वर्षांनंतरही कुणाला आठवतं, तो बहुधा बोलतो. मग त्यांचे अवघड प्रश्न ग्रुपात आणा आणि ज्याला ते येतं अशा माणसाला नाव घेऊन बोलवा. जाणकाराला जाणकार भेटणं, ही त्याची मिळकत आहे. तेवढी त्याला मिळाली तर नवख्यांना उत्तरं तो आपणहून देतो.

दुसरं म्हणजे, नव्याची पहिली पोस्ट दिवसभरात अनुत्तरित राहणार नाही याची जबाबदारी तीन-चार जणांत नावानिशी वाटून घ्या. "आपण सगळे लक्ष ठेवू" असं ठरवलं तर कुणीच ठेवत नाही. नेहमीच्या प्रश्नाचं तयार उत्तर असू दे, पण त्यासोबत एक प्रश्न परत विचारा: तुमच्याकडून आकाशाचा किती भाग दिसतो, दिवे किती असतात, आतापर्यंत काय पाहिलंत? आणि महिन्याभराने चौकशी करा. ही चौकशी फार थोड्या ग्रुपांत होते आणि तिचा परिणाम मी वारंवार पाहिला आहे.

तुमच्या स्पर्धा आणि सोमवारचे विषय का चालले नाहीत, तेही सांगते. स्पर्धेत पुन्हा तयार आणि सुंदर तेच वर येतं, बाकीचे प्रेक्षक होतात. ठरवून दिलेल्या विषयावर लिहायला लोकांकडे काही नसतं. त्याऐवजी सगळ्यांना एकच सोपं काम द्या. या पंधरवड्यात कृत्तिका नक्षत्रात नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता येतात ते लिहा. कुणी सहा लिहील, कुणी चार, एखादा अकरा म्हणेल, आणि मग वाद सुरू होईल: आकाश किती काळं, वय किती, चष्मा आहे का, तिरकी नजर (ताऱ्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहणं) वापरली का. त्यात चूक उत्तर नाही, उपकरण लागत नाही, आणि तीस वर्षं निरीक्षण करणाऱ्यालाही त्यात भर घालता येते. तुम्ही स्वतः सर्वांत आधी लिहा आणि ढग आले, तीनच दिसले, असं लिहायला कचरू नका.

गप्प सभासदांना काढू नका. वाचणारे हे उद्याचे लिहिणारे आहेत, आणि आपलं कुणी तरी वाचतंय हे लिहिणाऱ्यांना हवं असतं. विभाग किंवा उपग्रुप जास्त असतील तर मात्र एकत्र करा. आठवड्याच्या तीन पोस्ट सहा ठिकाणी विभागल्या तर प्रत्येक जागा ओसाड दिसते.

याला वेळ लागतो. दोन-तीन महिने फरक दिसणार नाही. रोजच्या तीस पोस्ट बहुधा परत येणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. दिवसाला तीन पोस्ट आणि प्रत्येकीखाली सात-आठ खरी उत्तरं, हा माझ्या दृष्टीने उत्तम चाललेला ग्रुप आहे.

आधी ती नावांची यादी करा आणि त्यातल्या किती जणांनी अजून दुर्बीण ठेवली आहे ते इथे कळवा. निम्म्याहून जास्त जण अजून आकाश पाहत असतील, तर तुमचं काम त्यांना एकमेकांशी बोलतं करण्यापुरतं आहे आणि ते होण्यासारखं आहे. बहुतेकांनी छंदच सोडला असेल, तर आताच्या नव्यांतून पाच-सहा जण हेरून त्यांना तिसऱ्या, म्हणजे उत्तरं देण्याच्या, टप्प्यापर्यंत न्यावं लागेल. त्याला दोन-तीन वर्षं धरा, आणि त्याची आखणी वेगळी करावी लागेल. यादी आली की त्यावर सविस्तर लिहिते.